इतर ग्रहांवर मनुष्यासारखे प्राणी असतील काय?

हा लेख वाचण्यापूर्वीं स्तोत्रसंहितेंतील आठवें स्तोत्र व लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायाचा आरंभ घरांतील मंडळींस मोठ्यानें वाचून दाखवावा, अशी आमची विनंति आहे.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही जुन्नर तालुक्यांतील एका लहान मंडळीच्या भेटीस गेलों होतों. संध्याकाळची प्रार्थनासभा मंदिराच्या ओट्यावर झाली. त्या ओट्यावरून, शेतांच्या पलीकडे, खोडद येथील रेडिओ-दुर्बिणीचा एक भाग दिसतो. ज्यांनीं ती पाहिली नाहीं त्यांनीं तारांच्या जाळीची, ४५ मीटर रुंदीची, आभाळाकडे तोंड करून ठेवलेली एक परात डोळ्यांपुढें आणावी. अशा ३० पराती आहेत. त्यांपैकीं १४ खोडदजवळ असून बाकीच्या तीन दिशांस दूरवर, ऊंस-कांद्यांच्या शेतांमधून पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप नामक शास्त्रज्ञाच्या (१९२९–२०२०) पुढाकारानें ही दुर्बीण उभी राहिली. ती पाहत नाहीं, ऐकते, असें म्हटलें म्हणजे खेड्यांतील मनुष्यास लवकर समजेल; कारण ताऱ्यांकडून व ताऱ्यांच्या मधल्या हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या अति क्षीण रेडिओलहरी ती टिपून घेते.

सभा संपल्यावर दहावीच्या वर्गांतील एका मुलानें विचारिलें, "पाळकसाहेब, तिकडं वर आपल्यासारखी माणसं असतील का?" तेथील उपदेशक बंधूंनीं आम्हांस तोंड उघडण्यास अवकाश दिला नाहीं. योहानाच्या दहाव्या अध्यायांत प्रभु आपल्या दुसऱ्या मेंढरांविषयीं बोलतो, त्या वचनाचा आधार देऊन त्यांनीं सांगितलें कीं, होय, आहेत, आणि तींच तीं मेंढरें. मुलगा गप्प राहिला. परंतु मंडळी पांगल्यावर तो आमच्याबरोबर सडकेपर्यंत आला, आणि त्याच्या मनांत खरें काय सलत होतें तें तेव्हां बाहेर पडलें. शाळेंतील एका सोबत्यानें त्यास हिणविलें होतें कीं, आभाळ एवढें मोठें, त्यांत तुझी पृथ्वी धुळीच्या कणाएवढी. मग देवाचा पुत्र नेमका येथेंच कशाला मरावयास येईल? "मला उत्तर सुचलं नाही साहेब," तो म्हणाला, "आणि तेव्हापासून रात्री प्रार्थनेला बसलं की तेच डोक्यात येतं. दोन आठवडे झाले, मी नुसता डोळे मिटून बसतो."

आम्हीं त्या रात्रीं त्यास जें सांगितलें तें अपुरें होतें. एस्. टी. येण्याची वेळ झाली होती आणि आमची तयारीहि नव्हती. म्हणून हें लिहीत आहों.

प्रथम आमचीच एक चूक पदरीं घेतों. सेमिनरींत शिकत असतां एका वादसभेंत आम्हीं मोठ्या आवेशानें प्रतिपादन केलें होतें कीं, पृथ्वीवांचून दुसरीकडे कोठेंहि बुद्धिमान प्राणी असणें पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे. टाळ्या पडल्या. आमच्या एका वृद्ध शिक्षकांनीं मात्र मागाहून एवढेंच विचारिलें, "कोणत्या वचनाच्या विरुद्ध?" तें वचन आम्ही आजपर्यंत शोधीत आहों. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायांत देवानें पृथ्वी ओसाड राहावी म्हणून निर्माण केली नाहीं असें सांगितलें आहे. त्यावरून कित्येक म्हणतात कीं, इतर गोलहि ओसाड ठेवण्यासाठीं केले नसतील, आणि दुसरे कित्येक त्याच वचनावरून म्हणतात कीं, वस्तीसाठीं पृथ्वी हीच नेमिली आहे. वचन बिचारें पृथ्वीविषयींच बोलत आहे. बाबेलांत बंदिवान झालेल्या लोकांस धीर देण्यासाठीं तें लिहिलें गेलें; मंगळ-गुरूंचा तेथें प्रश्नच नव्हता.

आतां विद्वान लोकांस या बाबतींत काय आढळलें आहे तें पाहूं. पूर्वीं पुष्कळांस वाटे कीं मंगळावर वस्ती आहे. १८७७ सालीं इटलींतील स्किआपारेल्ली यांस दुर्बिणींतून मंगळावर बारीक रेघा दिसल्या. त्यांनीं त्यांस आपल्या भाषेंत ओहोळ अशा अर्थाचें नांव दिलें. इंग्रजींत त्याचे झाले कालवे. कालवे म्हटले कीं ते खणणारा आलाच! अमेरिकेंतील पर्सिव्हल लोवेल या धनिक गृहस्थानें १८९४ सालीं ॲरिझोना प्रांतांत वेधशाळा बांधिली व मंगळावरील हुशार लोक ध्रुवांकडील बर्फाचें पाणी कालव्यांनीं शेतीकडे आणितात असें ग्रंथ लिहून सांगितलें. पाण्यासाठीं कासावीस झालेल्या आमच्या शेतकऱ्यांस ही कल्पना गोड वाटेल. परंतु १९६५ सालीं मरिनर ४ हें यान मंगळाजवळून गेलें व त्यानें छायाचित्रें पाठविलीं. त्यांत कालवे नव्हते, खळग्यांनीं भरलेलें उजाड रान होतें. १९७६ सालीं व्हायकिंग नांवाचीं दोन यानें तेथें उतरलीं, मातीची परीक्षा झाली, आणि बहुतेक शास्त्रज्ञांचें मत पडलें कीं त्या मातींत जिवंत कांहीं सांपडलें नाहीं. शुक्राची स्थिति याहून कठीण. तेथील भूमि इतकी तापलेली आहे कीं शिसें वितळून जाईल. गुरूच्या युरोपा व शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रांवर बर्फाच्या थराखालीं पाण्याचे समुद्र आहेत, व तेथें सूक्ष्म जंतु असूं शकतील काय याचा शोध चालला आहे. पण जंतु म्हणजे मनुष्य नव्हे.

येथें थोडें विषयांतर करितों. हा जो मंगळाचा धोंड्याधुळीचा गोल, तो आमच्या मंडळींतल्याहि कांहीं घरांत अद्याप लग्नें मोडीत असतो. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या लोटल्या तरी मुलीस मंगळ आहे काय हें गुपचूप विचारून येणारे आईबाप आम्हांस ठाऊक आहेत. आपल्या देशानें ५ नोव्हेंबर २०१३ रोजीं श्रीहरिकोट्याहून पाठविलेलें यान २४ सप्टेंबर २०१४ रोजीं त्या मंगळाजवळ पोहोंचलें, आणि २०२२ पर्यंत त्याच्याशीं संपर्क राहिला. कोणा मुलीचें सौभाग्य तेथें ठेविलेलें त्यास आढळलें नाहीं. उपदेशक बंधूंनीं ही गोष्ट अवश्य सांगावी. असो.

आपल्या सूर्यमालेबाहेरचें पाहिलें तर गोष्ट मोठी होते. १९९५ सालीं मिशेल मेयर व दिदिए केलो या दोघां शास्त्रज्ञांनीं आपल्या सूर्यासारख्याच एका दूरच्या ताऱ्याभोंवतीं फिरणारा ग्रह शोधून काढिला. त्याबद्दल २०१९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तेव्हांपासून २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या ६,००० च्या वर गेली. त्यांपैकीं कांहीं आपापल्या ताऱ्यापासून बेताच्या अंतरावर आहेत. चुलीच्या फार जवळ ठेवलेली भाकर करपते, दूर ठेवलेली कच्ची राहते. तसेंच ग्रहाचें आहे. फार जवळ असल्यास पाणी वाफ होऊन जातें, फार दूर असल्यास गोठतें. बेताचें अंतर असल्यास पाणी पाणीच राहूं शकतें, आणि पाण्यावांचून आपल्या माहितीचा जीव नाहीं. परंतु तेथें कोणी आहे असें एकाहि ग्रहाविषयीं सिद्ध झालेलें नाहीं. १९६० सालीं फ्रँक ड्रेक यांनीं अमेरिकेंत रेडिओ-दुर्बिणीनें दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लाविला. त्यानंतर पुष्कळांनीं पुष्कळ ताऱ्यांकडे लाविला. कोणाचा शब्द आला असें आजवर ठरलें नाहीं. उडत्या तबकड्यांच्या व आकाशांतून उतरलेल्या पाहुण्यांच्या गोष्टी मोबाईलवर फिरत असतात, त्यांवर आमच्या लोकांनीं विश्वास ठेवूं नये.

आणखी एक गोष्ट विचारांत घेण्याजोगी आहे. या पृथ्वीवर जीव उत्पन्न होऊन ३५० कोटींहून अधिक वर्षें झालीं असें भूगर्भवेत्ते सांगतात, व त्यांतील बहुतेक काळ डोळ्यांस न दिसणारे एकपेशी जीवच होते. मनुष्य तर सुमारें ३ लाख वर्षांतलाच. (उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांतील दिवस किती लांबीचे, हा वाद येथें नको.) तेव्हां ज्या ग्रहावर जीव असेल त्यावर मनुष्यासारखा प्राणी असेलच, असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. नसेलच असें म्हणण्यासहि नाहीं.

ख्रिस्ती लोकांस हा प्रश्न नवा आहे असें समजूं नये. १२७७ सालीं पॅरिस शहराच्या बिशपानें चुकीच्या मतांची एक यादी प्रसिद्ध केली. तींत, देवास एकाहून अधिक जगें निर्माण करितां येत नाहींत, हेंहि एक मत होतें. म्हणजे देवाच्या हातास मर्यादा घालणें हें त्या काळींहि चूक मानिलें गेलें. उलट लूथरचा सहकारी मेलांखथॉन यास अनेक जगांची कल्पना पसंत नव्हती, कारण ख्रिस्त एकदांच मेला व उठला, तो अनेक ठिकाणीं मरावयाचा नाहीं. पुढें १७९४ सालीं टॉमस पेन यानें नेमकी हीच अडचण हातांत घेऊन ख्रिस्ती धर्माचा उपहास केला. असंख्य जगें आहेत, तर देवानें बाकीचीं सोडून याच एका जगांत येऊन मरावें हें कोण खरें मानील, असा त्याचा मथितार्थ. आमच्या दहावीच्या मुलास त्याच्या सोबत्यानें जें म्हटलें तें सव्वादोनशें वर्षांचें जुनें आहे, हें त्या सोबत्यास माहीत नसेल.

पेनसारख्यांस उत्तर देण्यासाठीं स्कॉटलंडांतील ग्लासगो शहराचे पाळक टॉमस चामर्स यांनीं १८१५ पासून ट्रॉन मंदिरांत कामाच्या दिवशीं व्याख्यानें दिलीं. १८१७ सालीं तीं छापून निघालीं तेव्हां हजारोंनीं खपलीं. कलकत्त्यास आलेले डफसाहेब याच चामर्स यांचे विद्यार्थी. इतर गोलांवर वस्ती असेल असें चामर्स यांस मनापासून वाटत असे. त्यांचें एक म्हणणें आम्हांस फार आवडतें. ते म्हणत कीं, ज्या सुमारास मनुष्यास दुर्बीण मिळाली त्याच सुमारास सूक्ष्मदर्शक यंत्रहि मिळालें. पहिल्यांतून पाहिलें म्हणजे आपण नाहींसे होतों असें वाटतें. दुसऱ्यांतून पाण्याचा एक थेंब पाहिला म्हणजे ज्या किड्यास नांवहि नाहीं त्याचा एकेक अवयव देवानें किती निगुतीनें घडविला आहे तें दिसतें. इतक्या लहानाकडे ज्याचें लक्ष पुरतें, तो पृथ्वी लहान म्हणून तिला विसरेल कसा?

१८५३ सालीं केंब्रिज येथील विल्यम ह्यूएल यांनीं उलट बाजूनें लिहिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, पृथ्वीच जर युगानुयुगें मनुष्यावांचून राहिली आणि तो काळ देवानें वायां घालविला असें आपण म्हणत नाहीं, तर आकाशांतील अफाट जागा मनुष्यावांचून असल्यास ती तरी वायां गेली असें कां म्हणावें? दोघेहि प्रभूचे निष्ठावंत सेवक. एक म्हणे वस्ती आहे, दुसरा म्हणे नसावी, आणि दोघांच्या तारणास बाध आला नाहीं! आमचें स्वतःचें मन ह्यूएल यांच्याकडे थोडें अधिक झुकतें. पण उद्यां खोडदच्या जाळ्यांत कोणाचा निरोप सांपडला तर आम्ही आनंदानें चामर्स यांच्याकडे जाऊं.

आतां त्या मुलाच्या कांट्याकडे वळतों. येथेंच कां? बाळा, जी गोष्ट खरोखर घडते ती कोठें तरी एका जागीं घडते. प्रभु जन्मला तो रोम शहरांत नव्हे, बेथलेहेमांत. आणि बेथलेहेम हें यहूदाच्या गांवांमध्यें लहान, हें मीखा संदेष्ट्यानेंहि सांगून ठेविलें होतें. रोमी बादशाहीच्या कोपऱ्यांतील एका प्रांतांत, वेशीबाहेर, एका शुक्रवारीं तो मेला. त्या दिवशीं जुन्नरास कांहींच घडलें नाहीं. येथील बाजार भरला असेल, लेण्यांचा डोंगर आपल्या जागीं असेल, कोणाच्या कानीं कांहीं आलें नाहीं. पुढें शतकें लोटलीं. १८१३ सालीं हॉल व नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, १८३१ सालीं अहमदनगरास काम सुरू झालें, तेथून पायीं व बैलगाडीनें तें वर्तमान आमच्या आजेपणजांच्या दारीं आलें. प्रभूनें नारायणगांवासाठीं निराळें मरावें आणि संगमनेरासाठीं निराळें, असें त्यांच्यांतील कोणीं म्हटलें नाहीं. त्यांनीं ऐकिलें, आणि तें आपल्यासाठीं आहे हें ओळखिलें.

लहानपणाविषयीं तर आम्हांस दुसऱ्या कोणीं शिकवावयास नको. आमचे आजे गांवकुसाबाहेर राहत. विहिरीवर चढावयाचें नाहीं, पाणी कोणी वरून ओतील तेव्हां ओंजळ धरावयाची. तुम्ही एवढे क्षुद्र आहां कीं देवाची नजर तुमच्यावर पडणें शक्यच नाहीं, हें त्यांस पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें होतें, आणि सांगणारे शहाणे व विद्वान होते. सोबत्याच्या तोंडचें वाक्य जरा न्याहाळून पाहा. आकाराच्या मापानें किंमत ठरविण्याची तीच जुनी खोड त्यांत आहे; फक्त गांवकूस आतां ताऱ्यांपर्यंत नेऊन बसविलें आहे. आमच्या आज्यांनीं तें माप नाकारिलें म्हणून तर आम्ही आज मंदिराच्या ओट्यावर बसतों. शंभरांतील नव्याण्णव सुरक्षित असतां एकामागें गेलेल्या मेंढपाळास कोणीं विचारिलें नाहीं कीं, तें एक कोंकरूं कळपाच्या मानानें किती मोठें होतें.

तर मग तेथें कोणी असल्यास त्यांचें तारण कसें? हा प्रश्न उपदेशक बंधू आम्हांस पत्रांतून विचारतात म्हणून थोडक्यांत लिहितों. त्यांनीं पाप केलें आहे कीं नाहीं हें आपणांस सांगितलेलें नाहीं. देवदूतांमध्यें कित्येक न पडलेले आहेत, हें आपण मानितोंच. आदामाच्या वंशाविषयीं रोमकरांस पत्रांत जें लिहिलें आहे तें आदामाच्या वंशाविषयीं आहे. परंतु कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांत पौल एवढें खचित सांगतो कीं, पृथ्वीवर व आकाशांत जें कांहीं आहे तें ख्रिस्ताच्या द्वारें झालें आणि त्याच्याच वधस्तंभावरील रक्तानें देवानें त्याचा आपणाशीं समेट करविला. त्यांत कोणताहि गोल वगळलेला आम्हांस दिसत नाहीं. यापुढें आम्ही एक पाऊलहि टाकीत नाहीं, आणि आमच्या बंधूंनींहि टाकूं नये.

राहिलीं तीं दुसरीं मेंढरें. आमचे प्रिय उपदेशक बंधू रागावणार नाहींत, अशी आशा आहे. कारण हें आम्हीं त्यांस समक्षहि सांगितलें. दिवाळीनंतर धनगर आपले कळप घेऊन तुमच्या रानांत उतरतात, जाळीचा वाडा करून खतासाठीं शेतांत मेंढरें बसवितात, हें तुम्ही दरवर्षीं पाहतां. प्रभु यरुशलेमांत यहूद्यांशीं बोलत होता. त्या वाड्याबाहेरचीं दुसरीं मेंढरें म्हणजे यहूदी नसलेले लोक, ज्यांस शास्त्र, करार, वचन यांपैकीं कांहींच ठाऊक नव्हतें. म्हणजे कोण? आपण! प्रभूनें तें वाक्य उच्चारिलें तेव्हां त्याच्या मनांत जुन्नर तालुक्यांतील हा ओटा होता, असें आम्ही मानितों. तें वचन मंगळास देऊन टाकल्यास आपल्याच नांवाचें पत्र न फोडतां शेजाऱ्याच्या घरीं धाडल्यासारखें होईल.

आणि शेजाऱ्यांची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतों. १९७७ च्या सप्टेंबरांत अमेरिकेनें व्हॉयेजर १ हें यान सोडिलें. तें आतां सूर्यापासून सुमारें २,५०० कोटी किलोमीटर दूर गेलें आहे, आणि तरीहि सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढें अंतर तोडावयास त्याला ७० हजारांहून अधिक वर्षें लागतील. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तेथें कोणी असल्यास त्यांस ऐकूं यावी म्हणून. तींत ५५ भाषांतील नमस्कार आहेत, आणि त्यांत आपली मराठी आहे. पृथ्वीवरील लोकांचे शुभ विचार तींत मराठींतून कळविले आहेत. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवीहि तींत आहे. हें ऐकून आमचें मन भरून आलें. मग आठवलें कीं, त्याच मंडळींत दोन घराण्यांचें बांधावरून सहा वर्षें बोलणें नाहीं. प्रभुभोजनाच्या दिवशीं एक घर उजवीकडे बसतें व दुसरें डावीकडे. ताऱ्यांवरच्या अनोळखी प्राण्यांस मराठींतून नमस्कार गेला आहे, पण हा बांध कोणीं ओलांडिला नाहीं. त्यांचीं नांवें आम्ही लिहीत नाहीं. त्यांच्या घरीं हें साप्ताहिक येतें.

मुलास आम्हीं पत्र लिहून वरील बहुतेक मजकूर कळविला आहे. त्याचें उत्तर आलें. तो लिहितो कीं, सगळें पटलें असें नाहीं, चामर्ससाहेबांचें पटलें. आणि प्रार्थना पुन्हां सुरू केली आहे, मात्र आतां तो ओट्यावर, उघड्यावर बसून करितो. खालीं आणखी एक प्रश्न घातला आहे: तेथें कोणी असतील तर ते आपल्यासाठीं प्रार्थना करीत असतील काय? यावर आम्हांस अद्याप उत्तर सुचलें नाहीं.

राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, खोडद येथें लोकांस आंत जाऊन दुर्बीण पाहूं देतात. त्या मंडळींतील मुलांस घेऊन जाण्याचें ठरविलें असून टेंपोची व्यवस्था होत आहे. भाकरी ज्याची त्यानें आणावी. उपदेशक बंधूंनींहि येण्याचें कबूल केलें आहे, आणि तेथील शास्त्रज्ञांस विचारण्यासाठीं त्यांनीं आपले स्वतःचे चार प्रश्न एका कागदावर लिहून ठेविले आहेत.